मंगेशच्या लग्नाचे कूलर

एप्रिल लागला की आरमोरीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, कूलर आणि लग्नं. वर्षभर छपरीत उलटे पडलेले, उंदरांनी गवताच्या ताट्या कुरतडलेले, पंप जाम झालेले कूलर लोक हातगाडीवर टाकून, मोटरसायकलवर बायकोच्या मांडीत देऊन माझ्या दुकानापुढे आणून उतरवतात. "भाऊ, आजच्या आज पाह्यजे. उद्या पाहुणे येऊन राह्यले." आणि त्याच हाताने मोटारींच्या ढिगावर एक पत्रिका ठेवतात. मोहफुलांचा वास सरलेला असतो. जंगलाकडची माणसं तेंदूपत्त्याच्या तयारीला लागलेली असतात. सकाळी नऊलाच डांबर मऊ पडतं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात, जेव्हा शहाण्या माणसाने ओला दुपट्टा अंगावर घेऊन पडून राहावं, तेव्हाच आमचा जिल्हा कोट घालून घोड्यावर बसतो.

मी मोटारींचं वाइंडिंग करतो. जळालेली तार काढायची, नवी तार भरायची, वार्निश लावून वाळवायचं. पंखे, कूलर, शेतातले पंप, काहीही. माझ्या बोटांना वार्निशचे डाग आहेत ते आता निघत नाहीत. माझ्याकडे शर्ट आहेत ते सगळे निळे किंवा राखाडी, कारण त्यावर काळं दिसत नाही. हे मुद्दाम सांगतो आहे. परवा आमच्या गल्लीतल्या नलूबाई कूलरची मोटार घेऊन आल्या, मोटार ठेवली आणि पिशवीतून दोन साड्या काढल्या.

"किशोरभाऊ, भाचीच्या लग्नात यातली कोणती नेसू सांगा ना. तुमाले कळते यातलं."

मी नीट पाहिलं. खरंच नीट पाहिलं, कारण बाई चांगली आहे, आईच्या आजारपणात डबे दिलेत तिने. "ही लाल आहे," मी म्हटलं.

"अन् ही?"

"ही पण लालच आहे ना."

"एक राणी कलर आहे, अन् एक मरून आहे!" नलूबाईंच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव आला. जणू मी एखादी पाटी लावून बसलो होतो आणि आत माल नव्हता.

तर हे असं आहे. गावाला माहीत आहे की मला पुरुष आवडतात. मी लपवत नाही, कोणी विचारलं तर सांगतो. आणि आता गावाने मला स्वीकारलं आहे. पण ज्याला स्वीकारलं आहे तो मी नाहीच. तो दुसराच कोणीतरी आहे. त्याला साड्यांतलं कळतं, त्याला मेंदी काढता येते, तो हात हलवून बोलतो, लग्नात नाचतो आणि सगळ्यांना हसवतो. टीव्हीतून निघून तो सरळ आरमोरीत राहायला आला आहे आणि माझ्या नावावर जगतो आहे. त्याला गाठून दोन थपडा द्याव्यात असं मला दर लग्नसराईत वाटतं.

याची सुरुवात तीन उन्हाळ्यांपूर्वी झाली.

त्या वर्षी प्रफुलचं लग्न ठरलं होतं. प्रफुल माझा पहिलीपासूनचा दोस्त. धानाची शेती, एक ट्रॅक्टर, आणि कुठल्याही गोष्टीवर दोन सेकंदांत मत. आमच्याच वर्गातली वैशाली आता आरोग्य केंद्रात नर्स आहे. आणि सुखदेव, धानोऱ्याकडच्या एका गोंड पाड्यातला, शाळेला आरमोरीच्या वसतिगृहात राहिला तेव्हापासून आमचा. तो वनरक्षक होऊन आलापल्लीच्या सागवानात गेला, पण सुट्टी मिळाली की गावी जायच्या आधी आमच्याकडे उतरतो. असे आम्ही चौघं.

एका रविवारी सकाळी आम्ही वैनगंगेवर गेलो होतो. उन्हाळ्यात नदी एका काठाला सरकते आणि उरलेल्या रेतीवर ढीवर कोळ्यांच्या डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, लागतात. वेल रेतीवर पसरलेले, मधे तट्ट्यांची झोपडी, आणि कावळे हाकलायला डबा वाजवत बसलेली एखादी म्हातारी. आम्ही तिच्याकडून एक टरबूज घेतलं, प्रफुलने ते बुक्की मारून फोडलं. ते गुडघ्यावर ठेवून खाता खाता तो मला म्हणाला, "काऊन बे किशा, तोंड काऊन पाडून बसला? पंधरा दिवस झाले पाहून राह्यलो. पोरगी गेली का कोणती?"

मी ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं ठरवून ठरवून थकलो होतो, त्या दिवशी तर मुळीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "पोरगी नाई. पोरगा गेला."

"कुठी गेला?" सुखदेव दचकून उभाच राहिला. जंगलखात्याचा माणूस, त्याला वाटलं शोधायला जायचं आहे.

"कोणाचा पोरगा?" प्रफुल म्हणाला.

"अबे, मी ज्याच्यासोबत होतो तो. चार वर्षं झाली. त्याचं लग्न जमलं." आणि मग, आता सुटलोच आहे तर पुरतंच सुटावं म्हणून, "मले पोरी आवडत नाई, प्रफुल. कधीच आवडल्या नाई."

म्हातारीने दोनदा डबा वाजवला. प्रफुलने तोंडातल्या बिया थुंकल्या. तो विचार करताना खालचा ओठ ओढतो, तसा ओढला.

"मंजे तू गे आहे?"

"हो."

"पक्का?"

"पक्का."

"मंग तसं सांग ना बे! मी समजलो कोणाले कॅन्सर झाला!" आणि त्याने मला तसंच, टरबुजाच्या पाण्याने चिकट झालेल्या हातांनी, कचकचून मिठी मारली. वैशाली रडली. सुखदेव पुन्हा खाली बसला आणि म्हणाला, "बरं." मला इतकं हलकं वाटलं की पाय रेतीवर टेकले आहेत की नाहीत हे कळेना. मी वर्षानुवर्षं मनात या क्षणाच्या तालमी केल्या होत्या. त्यात कोणी उठून निघून जायचं, कोणी मारायचं, कोणी देवाधर्माला न्यायचं. एकाही तालमीत चिकट हात नव्हते.

मिठी सोडल्या सोडल्या प्रफुल म्हणाला, "अबे, मंग शेरवानी घ्याले तूच चाल माझ्यासोबत! मी फुकट त्या साळ्याले सांगून ठेवलं."

तेव्हा मीसुद्धा हसलो. घरी येताना, पुलावर, माझ्या हळूहळू लक्षात आलं. मी नदीवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मला पुरुष आवडतात ही एक, आणि माझा माणूस मला सोडून गेला ही दुसरी. पहिलीच्या आवाजात दुसरी कोणाला ऐकूच गेली नव्हती.

आणि मग माझ्या दोस्तांनी मला स्वीकारायला सुरुवात केली. असं स्वीकारलं की जीव नको झाला.

ब्रह्मपुरीच्या दुकानात प्रफुल शेरवान्या अंगाला लावून माझ्यापुढे उभा राहायचा आणि मी काय म्हणतो ते पाहायचा. मी म्हणायचो, "चांगली आहे." दुसरी लावायचा. "ही पण चांगली आहे." शेवटी भुकेने मी एकीवर बोट ठेवलं आणि त्याने तीच घेतली, कोणालाही न विचारता, किशाने सांगितली म्हणून. त्या शेरवानीत प्रफुल बेसनाच्या लाडवासारखा दिसतो, हे आता त्याच्या बायकोचं कायमचं दुःख आहे आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे.

त्याच्या बहिणीला संगीताचा नाच बसवायचा होता. तिने मला बोलावणं धाडलं. मी आयुष्यात एकाच प्रकारे नाचलो आहे, या जिल्ह्यातला प्रत्येक पुरुष वरातीत नाचतो तसा, दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारत. ते मी करून दाखवलं. सगळ्या पोरी खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मस्करी नका करू, खरं शिकवा."

वैशालीचं वेगळंच. तिने मोबाइलवर बरंच वाचून काढलं होतं. ती माझ्याशी एका खास आवाजात बोलायला लागली, ज्या आवाजात ती म्हाताऱ्या पेशंटला इंजेक्शनच्या आधी बोलत असेल. "किशोर, मी तुझ्यासोबत आहो. तुले काई त्रास होते का?"

"होते ना. उन्हाचा."

"मनातलं दाबून नको ठेवू."

"वैशाली, मी बेअरिंग बसवून राह्यलो. बाजूले हो, उजेड अडते."

आणि सुखदेव. इतका शहाणा माणूस. पण नदीवर आंघोळीला गेलो तर हा कपडे बदलायला पार झाडीत जाऊ लागला. माझ्या मागे गाडीवर बसला की दोघांच्या मधे डब्याची पिशवी ठेवायचा. शाळेत असताना खरूज झाली तेव्हा एकमेकांच्या पाठीला मलम लावणारी आम्ही पोरं. मी तिसऱ्या दिवशी गाडी थांबवली आणि म्हटलं, "सुखदेव, मले पुरुष आवडते. सगळे पुरुष नाई आवडत. तुले बाया आवडते, मंग तू काय बाजारातल्या एकूणएक बाईच्या मांगं फिरते का?"

"नाई."

"मंग? अन् तुले काऊन वाटते की माझी आवड इतकी खराब आहे?"

तो ओशाळला, हसला. पण पिशवी मधेच राहिली.

मला चीड कशाची यायची ते तेव्हा मला नीट सांगता येत नव्हतं. यातलं कोणीच वाईट नव्हतं. वाईट माणसाशी भांडता येतं. गावातले काही होतेच की, पाठीमागे टाळ्या वाजवून दाखवणारे. त्यांना एवढंही कळत नव्हतं की ते ज्यांची नक्कल करतात त्या तृतीयपंथी माणसांचं जगणं वेगळं, माझं वेगळं, आणि नक्कल करण्यासारखं दोन्हींत काही नाही. एक मास्तर मला म्हणाले, "हे पुण्या-मुंबईकडचं लोण आहे, आपल्या झाडीपट्टीत हे नव्हतं." त्यांना मी सांगितलं की मी पुणं पाहिलेलं नाही, मुंबई पाहिलेली नाही, लोण आणायला मी गेलो कधी? या लोकांचा राग यायचा आणि जायचा. दोस्तांचा राग जात नव्हता. कारण ते प्रेमाने वागत होते आणि ते प्रेम माझ्या शेजारून, मला न लागता, दुसऱ्याच माणसाकडे जात होतं.

आणि आत मंगेश होता. त्याच्याबद्दल बोलायला कोणी नव्हतं.

मंगेश चंद्रपूरचा. मोटारींच्या सामानाचा माल घेऊन दर पंधरवड्याला आमच्याकडे फिरायचा. तांब्याची तार, बेअरिंग, कंडेन्सर. दुकानात यायच्या आधी बाहेरच्या टाकीवर तोंड धुवायचा आणि ओल्या चेहऱ्यानेच आत यायचा. मठ्ठ्यात साखर टाकून प्यायचा, यावरून मी त्याला चार वर्षं चिडवलं. एकदा आम्ही मोटरसायकलने पार तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यापर्यंत गेलो होतो. त्याला तेलुगू यायची, मला एक शब्द येत नव्हता. हॉटेलवाल्याशी तो काय बोलला कोण जाणे, पण त्या माणसाने आम्हाला खिडकीजवळची जागा दिली आणि ताटात दोनदा भात वाढला. मी विचारलं, "काय सांगतलं तू त्याले?" म्हणाला, "सांगतलं की हा माझा माणूस आहे, नीट वाढ." खोटं सांगत असेल. मला आजही ते खरं वाटतं.

होळीनंतर त्याचा फोन आला. घरचे ऐकत नाहीत, बहिणीचं अडलं आहे, मुलगी बघून ठेवली आहे. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? भांडायला आधी कोणाला तरी माहीत असावं लागतं की काही होतं. मग महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "किशोर, मंडपात चार मोठे कूलर लागतीन. तुझ्याकडूनच भाड्यानं घेतो ना. तुझा पण धंदा होईल. अन् तू ये, नाई आला तर लोक विचारतीन."

मी हो म्हटलं.

का म्हटलं हे मला लोक विचारतात. त्याला वाटू नये की मला काही वाटतं, म्हणून म्हटलं. मी चार कूलर धुतले, नव्या ताट्या लावल्या, मोटारी तपासल्या आणि दुकानात एका रांगेत उभे केले. येता जाता ते दिसायचे. त्या दिवसांत मी मोटारी भरत होतो आणि तारेचे फेरे चुकत होते, पुन्हा उसवून पुन्हा भरत होतो. आणि संध्याकाळी प्रफुलकडे जाऊन, पोरींना नाच शिकवायच्या नावाखाली, नुसता बसून राहत होतो.

एका संध्याकाळी प्रफुलच्या अंगणात अशीच तालीम चालली होती. वैशाली होती, लग्नासाठी सुट्टी टाकून आलेला सुखदेवही होता. मी ओट्यावर बसलो होतो. प्रफुल म्हणाला, "किशा, ते दुकानात चार कूलर धुऊनधाऊन ठेवले ना तू, ते माझ्या मंडपाले लाव."

"ते दुसऱ्याचे आहे."

"कोणाचे?"

"मंगेशच्या लग्नाचे."

"कोण मंगेश?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. वैशालीकडे पाहिलं, तिलाही माहीत नव्हतं. नदीवरच्या त्या दिवसाला आता बरेच दिवस झाले होते. या काळात मला शेरवानी विचारली गेली, नाच विचारला गेला, त्रास होतो का विचारला गेला, आम्हा दोघांत बायको कोण असते हेसुद्धा प्रफुलने लाजत लाजत विचारून घेतलं होतं. तो कोण, त्याचं नाव काय, हे एकानेही विचारलं नव्हतं.

मग माझा तोल गेला. पोरी नाचता नाचता थांबल्या, प्रफुलची आई घरातून बाहेर आली, मला कशाचंही भान नव्हतं.

"कोण मंगेश? तुझी ती वडशाची पोरगी सोडून गेली तवा मी पंधरा दिवस तुझ्या घरी राह्यलो. हा सुखदेव सुट्टी टाकून आला. वैशालीनं डबे आणले. आपण चौघांनी मिळून तिच्या भावाले, बापाले, अर्ध्या वडशाले शिव्या देल्या! तू काय घातलं होतं तवा, कोणत्या कलरचं घातलं होतं, मी विचारलं का? माझा माणूस चालला, प्रफुल. चार वर्षांचा. अन् तुमी मले नाच शिकवाले बसवून राह्यले!"

मी चपला घातल्या आणि निघून आलो. डावी-उजवी उलटी घातली होती, ते घरी पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर प्रफुल पायरीवर बसलेला. त्याच्या लग्नाला आठवडाही उरला नव्हता, घरी शंभर कामं होती. तो आत आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "सांग."

"काय सांगू?"

"मंगेशचं. सगळं सांग. मी कुठीच जात नाई."

मी सांगायला लागलो. आधी तुटक, मग न थांबता. टाकीवर तोंड धुणं, मठ्ठ्यातली साखर, सिरोंचा. प्रफुलला कठीण जात होतं, ते मला दिसत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मधेच एकदा म्हणाला, "मंजे तुमी दोघं... हात-बित धरून?" मी म्हटलं, "हो. हात-बित धरून." त्याने मान हलवली. "बरं. पुढं सांग." तो बसून राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला "दुपारून या भाऊ" म्हणून त्यानेच परतवून लावलं. मी होळीनंतरच्या फोनपर्यंत आलो, मग दुसऱ्या फोनपर्यंत.

"थांब थांब," प्रफुल म्हणाला. "कूलर त्यानं मागतले? तुले?"

"हो."

"त्याच्या लग्नाले? तुझे कूलर?"

"हो ना."

प्रफुल स्टुलावरून उठला. रांगेतल्या चार कूलरांकडे पाहिलं. "हलकट आहे साला," तो म्हणाला. आणि मग त्याने मंगेशला, मंगेशच्या खानदानाला, चंद्रपूरला, तिथल्या धुराला, मठ्ठ्यात साखर टाकणाऱ्या एकूण मनुष्यजातीला अशा शिव्या दिल्या की मी ऐकत राहिलो. अडखळून नाही, सांभाळून नाही. वडशाच्या पोरीला दिल्या होत्या तशाच, त्याच चालीवर. आणि मी रडायला लागलो. होळीपासून पहिल्यांदा. कोणीतरी माझ्या माणसाला माझा माणूस समजून शिव्या देत होतं. मिठीपेक्षा ते मोठं होतं.

वैशाली ड्युटीला जाता जाता आली होती, सुखदेव तिच्या मागे. दोघं दारात कधीपासून उभी होती कोण जाणे. वैशाली आत येऊन म्हणाली, "रडणं झालं की फोन लाव त्याले." तो खास आवाज नव्हता. शाळेत माझी कंपासपेटी हिसकवायची तेव्हाचा आवाज होता.

"कायले?"

"कूलर नाई म्हून सांगाले. का त्याच्या मंडपात जाऊन ताटीवर पाणी मारते?"

मी म्हटलं, शब्द दिला आहे. मी म्हटलं, त्याला वाटेल मी चिडलो. तेव्हा सुखदेव, जो दिवसभरात मोजून बोलतो, माझ्या बाजूला बाकावर येऊन बसला, अगदी खांद्याला खांदा लागेल असा, आणि म्हणाला, "चिडलाच आहे ना तू. वाटू दे ना त्याले."

मी फोन लावला. मंगेशच्या घरी माणसांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "कूलर नाई पाठवत. दुसरीकडं पाह."

"अरे असं काय करते? ऐन वेळेवर कुठी भेटन? किशोर, काय झालं?"

"काई नाई झालं. मी तुझ्या लग्नात वारा घालणार नाई, मंगेश. इतकंच."

तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर सोपं गेलं असतं. मी फोन ठेवला. सुखदेवने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला, मी पुन्हा लावू नये म्हणून.

"घाम सुटन साल्याले सप्तपदीत," प्रफुल समाधानाने म्हणाला. आणि आम्ही चौघं हसलो, मी नाक पुसत.

मंगेशच्या लग्नाच्या दिवशी ते तिघं दुकानात होते. प्रफुलला हळद लागली होती, त्याने उंबरा ओलांडायचा नव्हता. तरी तो पिवळ्या तोंडाने येऊन मोटारींच्या ढिगात बसला, आणि त्याच्यामागून त्याची आई चपला फटकारत आली. "नवरदेव आहे का कोण आहे? घरी पाहुणे विचारून राह्यले!" प्रफुल म्हणाला, "आई, याचं आज सुतक आहे. बसू दे." त्या माउलीने माझ्याकडे पाहिलं. तिला अंगणातलं सगळं ऐकू गेलेलं होतं. पदराने स्वतःच्या मानेवरचा घाम पुसला, थोडा वेळ बसली, आणि घरी जाऊन आम्हा चौघांसाठी वरण-भात पाठवून दिला.

त्याच उन्हाळ्यात मी आईलाही सांगितलं. ती बरेच दिवस बोलली नाही, मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हातारपणी तुले रांधून कोण घालन?" मी म्हटलं, "आतापण मीच रांधतो, आई. तुलेपण मीच घालतो." तिला हे पटलं असं नाही. पण तेव्हापासून आमच्यात भांडायला एक विषय आहे, आणि भांडण चालू आहे हे मी चांगलं लक्षण मानतो. बाकी गावाला हळूहळू कळत गेलं. न्हाव्याने दोन महिने माझ्याशी नजर मिळवली नाही, मग त्याचा पंखा जळाला.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नलूबाई आहेत. मास्तर आहेत. दर लग्नसराईत कोणीतरी माझ्यापुढे कापड पसरतंच. मला वाटतं, लोकांना माणूस कळायला वेळ लागतो आणि नमुना लगेच कळतो, म्हणून ते आधी नमुना उचलतात. दोस्तांना एक उन्हाळा लागला. गावाला किती लागतील कोण जाणे. माझा जीव मात्र दर एप्रिलला नव्याने वैतागतो.

आणि दोस्त सुधारले असं तरी कुठे आहे? काल भर दुपारी प्रफुल आला. मी एका पंपाच्या मोटारीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. तो माझ्या पुढ्यात उकिडवा बसला आणि फार मोठी बातमी असल्यासारखा म्हणाला, "किशा, माझ्या साळ्याच्या ओळखीत एक पोरगा आहे. गोंदियाले. तो पण तसाच आहे."

"तसाच मंजे?"

"तुझ्यासारखा. दोघं एकमेकाले भेटून घ्या ना."

"काऊन? दोघं पुरुषांवर मरते म्हून? एवढ्यावर जमते का बे? तुले अन् तुझ्या बायकोले काय फक्त एवढंच पाहून बसवलं होतं, एक बाई आहे अन् एक माणूस आहे?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "जवळपास तसंच होतं," तो म्हणाला. "अन् ऐक ना, जात पण आपलीच आहे."

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी जातीवर बोललो, त्याच्या साळ्यावर बोललो, गोंदियावर बोललो, दोन माणसं म्हणजे प्लग आणि सॉकेट नव्हेत असं बोललो, आणि तो शांतपणे ऐकत राहिला, खालचा ओठ ओढत. सगळं बोलून माझा घसा कोरडा पडला.

"झालं?" प्रफुल म्हणाला. "फोटो आहे मोबाइलात. पुस्तकं वाचते म्हणते भल्ली. अन् हसते चांगला."

मी मोटारीतून हात काढले, चिंधीने एक एक बोट पुसलं, आणि म्हटलं, "दाखव."